सद्गुण शिकवता येतो का? प्लेटोच्या ‘मेनो’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॉक्रेटिसचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, विषाचा पेलाही माहीत असतो. पण हा माणूस दिवसभर बाजारात उभा राहून लोकांना नेमकं काय विचारत होता, हे ‘मेनो’ वाचल्यावर लक्षात येतं. सॉक्रेटिसचा शिष्य प्लेटो याने लिहिलेला हा छोटा संवाद वाचताना जे प्रश्न हमखास पडतात, ते इथे साधारण संवादाच्याच क्रमाने घेतले आहेत.

सुरुवात ‘मेनो’पासूनच का करायची?

तो आटोपशीर आहे म्हणून. शिवाय सद्गुण म्हणजे काय, तो शिकवता येतो का, ज्ञान आणि नुसतं बरोबर मत यांत फरक काय, जे माहीतच नाही ते शोधायचं कसं, असे सॉक्रेटिसचे जवळजवळ सगळे मोठे प्रश्न त्यात एकत्र येतात. ‘रिपब्लिक’ दहा भागांचा ग्रंथ आहे आणि नवा वाचक त्यात दुसऱ्या-तिसऱ्या भागातच दमतो. ‘अपॉलॉजी’ वाचायला सोपं, पण ते सॉक्रेटिसचं न्यायालयातलं बचावाचं भाषण आहे. समोरच्याला बोलतं करून त्याच्याच उत्तरांत अडकवण्याची सॉक्रेटिसची पद्धत तिथे खटला भरणाऱ्यांपैकी मेलेटस याच्या उलटतपासणीपुरतीच दिसते.

संवादात कोण कोण आहे?

चौघे. सॉक्रेटिस आहे, वय पासष्टच्या पुढे. मेनो हा थेसलीतल्या फार्सालसच्या सरदार घराण्यातला तरुण, देखणा, श्रीमंत आणि प्रसिद्ध वक्ता गॉर्जियस याच्या प्रभावाखालचा. तो नोकरचाकर घेऊन अथेन्सला आला आहे आणि अ‍ॅनिटसकडे उतरला आहे. या अ‍ॅनिटसचा कातडी कमावण्याचा धंदा होता आणि लोकशाही पक्षातलं ते मोठं नाव होतं. चौथा मेनोच्या घरात जन्मलेला एक गुलाम मुलगा. त्याचं नाव प्लेटोने दिलेलं नाही.

संवाद घडतो तो काळ साधारण इ.स.पू. ४०२. स्पार्टाशी सत्तावीस वर्षं चाललेलं युद्ध अथेन्स हरलं आहे, ‘तीस जुलमी’ म्हणून ओळखली जाणारी राजवट येऊन गेली आहे आणि ४०३ मध्ये लोकशाही पुन्हा उभी राहिली आहे. ती उभी करणाऱ्यांत अ‍ॅनिटस होता. तीनच वर्षांनी, ३९९ मध्ये, सॉक्रेटिसवर खटला भरणाऱ्या तिघांतही तोच होता. प्लेटोने हे लिहिलं तेव्हा, बहुधा ३८५ च्या आसपास, वाचकांना हे सगळं ठाऊक होतं. त्यामुळे अ‍ॅनिटस येऊन शेजारी बसतो तेव्हा त्या वेळच्या वाचकाच्या पोटात गोळा आला असणार.

मेनो नेमकं काय विचारतो?

प्रस्तावना नाही, नमस्कार-चमत्कार नाही, संवाद थेट प्रश्नानेच सुरू होतो. सॉक्रेटिस, मला सांग, सद्गुण शिकवून येतो का? की सरावाने येतो? की माणूस तो जन्मतःच घेऊन येतो? की आणखी कुठल्या मार्गाने?

या चारही पर्यायांवर आजही पालकसभांमध्ये वाद होतात. सॉक्रेटिस त्यांतला एकही निवडत नाही. तो म्हणतो, सद्गुण कसा येतो हे राहू दे, मुळात तो काय आहे हेच मला माहीत नाही. मेनोला धक्का बसतो. हे मी घरी जाऊन लोकांना सांगू का, असं तो विचारतो. सॉक्रेटिस म्हणतो, खुशाल सांग, आणि हे ज्याला माहीत आहे असा माणूस मला अजून भेटलेला नाही, हेही सांग.

पण मेनोने उत्तर दिलं होतं की! त्यात चुकलं काय?

मेनोचं पहिलं उत्तर ऐटबाज आहे. पुरुषाचा सद्गुण म्हणजे नगराचा कारभार हाकणं, मित्रांचं भलं आणि शत्रूंचं वाईट करणं. स्त्रीचा म्हणजे घर नीट सांभाळणं आणि नवऱ्याचं ऐकणं. मुलाचा वेगळा, म्हाताऱ्याचा वेगळा, गुलामाचा वेगळा. सॉक्रेटिस म्हणतो, काय भाग्य माझं, एक सद्गुण मागितला तर मोहोळच्या मोहोळ हाती आलं! मधमाश्या लहानमोठ्या असतील, पण मधमाशी म्हणून त्या सगळ्यांत जे एकच आहे, ते सांग.

दुसऱ्या खेपेला मेनो म्हणतो, सद्गुण म्हणजे माणसांवर सत्ता गाजवता येणं. मग गुलामाने मालकावर सत्ता गाजवावी का? आणि सत्ता न्यायाने चालवायची की अन्यायानेही चालेल? ‘न्यायाने’ असं मेनो कबूल करतो आणि तिथेच फसतो, कारण न्याय हा स्वतःच एक सद्गुण आहे. जे समजावून सांगायचं तेच उत्तरात येऊन बसलं. तिसऱ्या वेळी तो एका कवीचा आधार घेतो: चांगल्या गोष्टींची इच्छा धरणं आणि त्या मिळवण्याची ताकद असणं. ‘चांगल्या गोष्टी’ म्हणजे काय, तर सोनं, चांदी, मानमरातब. त्या लबाडीने मिळवल्या तरी चालेल का? नाही, न्यायाने. पुन्हा तोच फास.

आता मेनोची बाजू. ‘पॉलिटिक्स’च्या पहिल्या भागात ॲरिस्टॉटलने स्पष्ट म्हटलं आहे की सद्गुणाची ढोबळ व्याख्या करणाऱ्यांपेक्षा गॉर्जियससारखी यादी देणारे बरे. आपल्या काळात पीटर गीच या तत्त्वज्ञाने १९६६ मध्ये वेगळ्या बाजूने बोट ठेवलं: व्याख्या येत नसेल तर उदाहरणही ओळखता येणार नाही, हे सॉक्रेटिसने कशावरून धरलं? धाडसाची व्याख्या न येणाराही धाडसी माणूस ओळखतो. आक्षेप वजनदार आहे. मला तरी वाटतं की सॉक्रेटिसचा रोख उदाहरणांवर कमी आणि मेनोच्या आत्मविश्वासावर जास्त आहे. मेनो स्वतःचं काही बोलतच नाही. गॉर्जियसकडून ऐकलेलं तो सफाईने म्हणून दाखवतो आणि एक उलट प्रश्न आला की त्यातलं एकही वाक्य टिकत नाही.

सॉक्रेटिस वेड पांघरून पेडगावला जातो, असंच ना?

हा आरोप त्याच्या हयातीतलाच आहे. ‘रिपब्लिक’च्या पहिल्या भागात थ्रॅसिमॅकस चिडून म्हणतो की उत्तर न देता अज्ञानाचं सोंग घ्यायचं, ही याची नेहमीचीच खोड. आणि सॉक्रेटिस लोकांची चेष्टा करतो यात शंकाच नाही. मेनोला तो तोंडभरून ‘सुंदर’ म्हणतो, त्याच्या हुकूम सोडण्याच्या सवयीला चिमटे काढतो.

पण ‘मला माहीत नाही’ हे सोंग होतं असं मानलं तर ‘मेनो’ची निम्मी गोष्ट निरर्थक होते. मेनो वैतागून त्याची तुलना एका चपट्या समुद्री माशाशी करतो. त्या माशाला हात लागला की अंग बधिर होतं. मेनो म्हणतो, सद्गुणावर मी मोठमोठ्या सभांमध्ये कितीदा तरी उत्तम भाषणं केली, आणि आता तोंडातून शब्द फुटत नाही. तू परदेशी जाऊ नकोस, असं वागलास तर जादूटोणा करणारा म्हणून धरतील. सॉक्रेटिस उत्तर देतो, तो मासा स्वतःही बधिर होत असेल आणि म्हणून इतरांना करत असेल, तर मी त्याच्यासारखा आहे. मी स्वतः गोंधळलेलो आहे, म्हणूनच दुसऱ्यांना गोंधळात पाडतो.

‘मेनोचा पेच’ म्हणून जे सांगतात ते काय?

कोंडीत सापडल्यावर मेनो एक डाव टाकतो. जे काय आहे ते तुला अजिबात माहीत नाही, ते तू शोधणार कसं? आणि समजा चुकून सापडलंच, तर हेच ते, हे कळणार कसं? सॉक्रेटिस त्याला कात्रीचं रूप देतो: माहीत असेल तर शोधायची गरज नाही, माहीत नसेल तर काय शोधायचं हेच ठाऊक नाही. म्हणजे शोध अशक्य.

मेनो हे वाद टाळण्यासाठी म्हणतो. सॉक्रेटिसही त्याला भांडखोर युक्तिवाद म्हणतो. पण एखादी वाईट हेतूने टाकलेली शंकाही खोल असू शकते. हरवलेली किल्ली शोधणं सोपं, कारण ती दिसते कशी ते माहीत असतं. ‘न्याय म्हणजे काय’ हे शोधताना डोळ्यांपुढे काय धरायचं? माझ्या मते संवादातली सर्वात मोलाची जागा ही आहे. सद्गुणाची चर्चा पुढे अर्धवट राहते, पण या पेचाला दिलेलं उत्तर पुरतं.

गुलाम मुलगा आणि चौरसाची गोष्ट काय आहे?

सॉक्रेटिस मेनोला म्हणतो, तुझ्या नोकरांपैकी कोणालाही बोलाव. मुलगा येतो. त्याला ग्रीक येतं ना, एवढंच सॉक्रेटिस विचारतो. मग जमिनीवर दोन फूट बाजूचा चौरस काढतो. क्षेत्रफळ किती? चार चौरस फूट. आता याच्या दुप्पट, आठ चौरस फुटांचा चौरस हवा. त्याची बाजू किती?

मुलगा बेधडक सांगतो, बाजू दुप्पट करा, चार फूट. काढून बघतात तर क्षेत्रफळ सोळा. फार झालं. मग तीन फूट? नऊ होतात, तरी चुकलं. इथे मुलगा थांबतो आणि देवाची शपथ घेऊन म्हणतो, मला नाही माहीत.

सॉक्रेटिस लगेच मेनोकडे वळतो. बघ, मघाशी याला वाटत होतं की आपल्याला येतं, आता आपल्याला येत नाही हे त्याला कळलंय. याला बधिर करून आपण त्याचं काही नुकसान केलं का? मेनो कबूल करतो की नाही केलं. टोला कोणाला आहे हे सांगायला नको. दुप्पट क्षेत्रफळाला दुप्पट बाजू लागते अशी भाषणं हा मुलगा सभांमध्ये ठोकत फिरला असता, हेही सॉक्रेटिस ऐकवतो.

पुढे सॉक्रेटिस तसेच चार चौरस एकाला एक लागून काढतो. मोठा चौरस सोळाचा होतो. प्रत्येक लहान चौरस तो कर्णाने असा कापतो की चार कर्ण मिळून मध्ये तिरका चौरस उभा राहतो. प्रत्येक लहान चौरसाचा अर्धा भाग, म्हणजे दोन, त्याच्या आत येतो. दोन चोक आठ. मूळ चौरसाचा कर्ण हीच हवी ती बाजू. ही बाजू पूर्ण संख्येत किंवा अपूर्णांकात सांगताच येत नाही, ती फक्त दाखवता येते. म्हणूनच उदाहरण इतकं चपखल आहे. मुलगा आकडा शोधत होता आणि उत्तर आकड्यात नव्हतंच.

(आपल्याकडे बौधायनाच्या शुल्बसूत्रातही चौरसाच्या कर्णावरचा दोर दुप्पट जमीन व्यापतो असं सांगितलं आहे. तिथे गरज यज्ञवेदी मोजण्याची होती. संबंध जोडायला जाऊ नका, पण चौरस दुप्पट करण्याचा प्रश्न दोन ठिकाणी दोन वेगळ्या कामांसाठी पडला, हे मजेशीर आहे.)

पण कर्ण तर सॉक्रेटिसनेच काढला. मुलगा फक्त ‘हो, हो’ म्हणत गेला!

बरोबर पकडलंत. कर्ण ही कल्पना मुलाला स्वतःहून सुचलेली नाही. त्याला काय म्हणतात हा शब्दही सॉक्रेटिस पुरवतो. ‘मी काही शिकवलं नाही, फक्त विचारलं’ हा त्याचा दावा शब्दशः घेतला तर लंगडा पडतो.

तरी दोन गोष्टी उरतात. मुलगा प्रत्येक वेळी ‘हो’ म्हणत नाही. चार आणि तीन ही दोन्ही चुकीची उत्तरं त्याने स्वतः दिली आणि ती चुकली हे त्यालाच दिसलं. सॉक्रेटिसने ‘चूक’ असा शिक्का मारला नाही, त्याने मोजायला लावलं. आणि शेवटचं बरोबर उत्तर मुलाने कोणाच्या शब्दावर घेतलेलं नाही, ते त्याच्या डोळ्यांसमोर जमिनीवर होतं. सॉक्रेटिस पुढे हेही म्हणतो की हे उत्तर आत्ता स्वप्नासारखं आहे. हाच प्रश्न याला निरनिराळ्या तऱ्हांनी पुन्हा पुन्हा विचारला तर शेवटी त्याला याचं पक्कं ज्ञान होईल. म्हणजे एका बैठकीत ज्ञान झालं असा त्याचा दावा नाही.

मेनोच्या पेचाला उत्तर इथेच मिळतं. शोधणारा कधी पूर्ण कोरा नसतो. त्याच्याजवळ काही खरी, काही खोटी मतं असतात आणि खोटी कोणती हे तपासायचं साधनही त्याच्याकडे असतं. शोध सुरू करायला तेवढं पुरे.

त्यासाठी आत्मा अमर आहे हे मानावं लागतं का?

सॉक्रेटिस तशी कथा सांगतो खरी. पुरोहित, पुजारिणी आणि पिंडारसारख्या कवींच्या हवाल्याने तो म्हणतो की आत्मा अनेक जन्म घेऊन आला आहे, त्याने सगळं पाहिलं आहे आणि आपण ज्याला शिकणं म्हणतो ते खरं तर आठवणं आहे. हा विचार प्लेटोने ‘फीडो’ या संवादात आणखी पुढे नेला.

मराठी वाचकाला इथे वेगळीच अडचण येते. परदेशी वाचक पुनर्जन्माला अडखळतो, आपण मात्र ‘अरे, हे तर आपलंच’ म्हणून मान डोलावतो आणि युक्तिवाद न तपासता पुढे जातो. सॉक्रेटिस स्वतः इतका निर्धास्त नाही. सगळी गोष्ट सांगून झाल्यावर तो म्हणतो, बाकीच्या मुद्द्यांवर मी फार जोर देणार नाही. पण जे माहीत नाही ते शोधलं पाहिजे असं मानलं तर आपण जास्त चांगले, जास्त धीट आणि कमी आळशी होऊ, एवढ्यासाठी मात्र मी शब्दाने आणि कृतीने झगडेन. जो भाग त्याने स्वतः सैल सोडला त्याला घट्ट धरून बसायचं कारण नाही.

सद्गुण म्हणजे ज्ञान, असं सॉक्रेटिस म्हणतो. मग ‘कळतं पण वळत नाही’चं काय?

सॉक्रेटिसच्या मते असं काही नसतंच. वळत नसेल तर कळलेलं नाही. ‘मेनो’त तो हे थोडक्यात उरकतो: स्वतःचं वाईट व्हावं असं कोणालाच वाटत नाही, त्यामुळे जो वाईटाच्या मागे लागतो तो ते चांगलं समजूनच. ‘प्रोटागोरस’ या संवादात याची सविस्तर मांडणी आहे. जवळची वस्तू मोठी दिसते आणि लांबची लहान, तसंच जवळचं सुख मोठं दिसतं आणि लांबचं दुःख लहान. मोह म्हणजे मोजमापातली चूक. मापण्याची विद्या हाती आली की मोहाचा जोर ओसरतो.

हे ग्रीकांनाही सहज पटलेलं नव्हतं. युरिपिडीजच्या नाटकातली मेदिया स्वतःच्या मुलांना मारण्याआधी म्हणते की मी करणार आहे ते किती भयंकर आहे हे मला कळतंय, पण माझा संताप माझ्या विचारापेक्षा बलवान आहे. हे नाटक इ.स.पू. ४३१ मध्ये अथेन्समध्ये झालं, सॉक्रेटिस तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होता. प्लेटोनेही पुढे ‘रिपब्लिक’मध्ये आत्म्याचे तीन भाग कल्पून संताप आणि वासना यांना स्वतंत्र जागा दिली.

सर्वात चांगली झटापट ॲरिस्टॉटलची आहे, ‘निकोमॅकियन एथिक्स’च्या सातव्या भागात. आधी तो म्हणतो की सॉक्रेटिसचं म्हणणं उघड दिसणाऱ्या गोष्टींच्या विरुद्ध जातं. मग तो बारकाईने बघतो: मोहात सापडलेल्या माणसाला ‘कळतं’ म्हणजे काय? दारू प्यायलेला माणूस एम्पेडोक्लिस या तत्त्वज्ञ कवीच्या ओळी धडाधड म्हणून दाखवतो, तसं. शब्द तोंडात असतात, अंगात मुरलेले नसतात. म्हणजे फिरून तो सॉक्रेटिसच्या बराच जवळ येतो. फरक उपायात आहे. ॲरिस्टॉटल म्हणतो, नुसता विचार पुरणार नाही, लहानपणापासून सवय लागावी लागते: न्यायाने वागून वागूनच माणूस न्यायी होतो. मेनोच्या पहिल्या प्रश्नातला ‘सरावाने येतो का’ हा पर्याय सॉक्रेटिसने कधी हाताळलाच नाही. ॲरिस्टॉटलने तोच उचलला.

मला स्वतःला सॉक्रेटिसचं म्हणणं पूर्ण पटत नाही. पण एक धाक म्हणून ते उपयोगी आहे. ‘मला कळतं रे, पण…’ हे वाक्य आपण कबुलीसारखं वापरतो आणि त्यात स्वतःला ‘कळतं’चे गुण देऊन टाकतो. सॉक्रेटिस ते गुण कापतो.

सद्गुण शिकवता येत नाही, याला त्याचा पुरावा काय?

युक्तिवाद असा: सद्गुण ज्ञान असेल तर तो शिकवता येईल. शिकवता येत असेल तर त्याचे शिक्षक आणि विद्यार्थी असायला हवेत. आहेत का?

या टप्प्यावर अ‍ॅनिटस येतो आणि वातावरण तापतं. सॉक्रेटिस सोफिस्टांचं, म्हणजे पैसे घेऊन शिकवणाऱ्या फिरत्या शिक्षकांचं, नाव काढतो. अ‍ॅनिटस म्हणतो, ते लोक म्हणजे समाजाला लागलेली कीड. तू कधी एखाद्याला भेटलायस, सॉक्रेटिस विचारतो. नाही, आणि भेटायचंही नाही! मग कोणाकडे पाठवायचं मुलाला? कोणत्याही सभ्य अथेन्सकराकडे, अ‍ॅनिटस म्हणतो.

तेव्हा सॉक्रेटिस अथेन्सच्या मोठ्या पुढाऱ्यांची नावं घ्यायला लागतो. थेमिस्टोक्लीजने मुलाला इतकी उत्तम घोडेस्वारी शिकवली की तो घोड्यावर उभा राहून भाला फेकायचा, पण बापाची मुत्सद्देगिरी त्याच्यात आली असं कोणी ऐकलं आहे का? अरिस्टायडीज, पेरिक्लीज, थ्युसिडिडीज (इतिहासकार नव्हे, पेरिक्लीजचा विरोधक) या सगळ्यांनी मुलांना घोडेस्वारी, संगीत, कुस्ती यांत तरबेज केलं. सद्गुण शिकवता आला असता तर तेवढाच शिकवायचा राहिला असता का? गंमत म्हणजे प्लेटोच्या ‘लाकेस’ संवादात यांतल्याच दोघांची मुलं आता बाप झालेली भेटतात आणि आमच्या वडिलांना राज्यकारभारातून आमच्याकडे बघायला वेळच नव्हता, अशी तक्रार करतात.

तर्क म्हणून हा पुरावा कच्चा आहे. आजवर कोणी शिकवलं नाही म्हणजे शिकवता येतच नाही, असं होत नाही. पण अ‍ॅनिटसला तो झोंबतो. तू लोकांची फार सहज निंदा करतोस, जपून राहा, असा इशारा देऊन तो गप्प होतो. वाचकाला त्या इशाऱ्याचा अर्थ माहीत आहे.

सोफिस्ट खरंच लबाड होते का?

प्लेटोच्या चष्म्यातून पाहिलं तर तसं वाटतं, पण ‘मेनो’तच त्यांच्यावर चिखलफेक करणारा अ‍ॅनिटस आहे, सॉक्रेटिस नव्हे. गावोगाव फिरून पैसे घेऊन शिकवणारे ते व्यावसायिक शिक्षक होते. प्रोटागोरस या सोफिस्टाने फिडियस आणि आणखी दहा शिल्पकार मिळून कमावतील त्याहून जास्त कमावलं, असं सॉक्रेटिस सांगतो, आणि चाळीस वर्षांत त्याच्याबद्दल कोणाची तक्रार आली नाही हेही जोडतो. गॉर्जियस तर सद्गुण शिकवण्याचा दावा करणाऱ्यांना हसायचा. मी फक्त बोलायला शिकवतो, म्हणायचा.

लारिसाच्या रस्त्याचं उदाहरण कशासाठी आहे?

लारिसा हे मेनोच्या मुलखातलं शहर. एकजण तिथे जाऊन आला आहे, त्याला रस्ता माहीत आहे. दुसरा कधी गेलेला नाही, पण रस्ता कुठून जातो याबद्दल त्याचं मत बरोबर आहे. दोघंही तुम्हाला सुखरूप पोचवतील. मग ज्ञानाला बरोबर मतापेक्षा जास्त किंमत का द्यायची?

मेनो पहिल्यांदाच खरोखर बुचकळ्यात पडतो आणि पहिल्यांदाच चांगला प्रश्न विचारतो: असं असेल तर मग दोन्ही एकच नाहीत का?

सॉक्रेटिस डिडॅलस या दंतकथेतल्या कारागिराच्या पुतळ्यांची गोष्ट काढतो. ते पुतळे इतके जिवंत होते म्हणे की बांधून ठेवले नाहीत तर पळून जायचे. बरोबर मतं तशीच: असतात तोवर सोन्यासारखी, पण मनात टिकत नाहीत. ‘हे असं का’ याचा कारणासकट विचार केला की ती बांधली जातात आणि मग त्यांचं ज्ञान होतं. रस्ता सांगणाऱ्या दुसऱ्या माणसाला कोणी ठामपणे म्हणालं की नाही, डावीकडून जा, तर तो डगमगेल. जाऊन आलेला डगमगणार नाही. मेनोचं सगळं ऐकीव शहाणपण एका प्रश्नासरशी का पळालं, याचंही उत्तर इथेच आहे. आणि सॉक्रेटिस, ज्याला काहीच माहीत नाही असं तोच सांगतो, तो इथे ठामपणे म्हणतो की मला फार थोड्या गोष्टी माहीत आहेत, पण ज्ञान आणि बरोबर मत वेगळी आहेत ही त्यांतली एक.

‘कारणासह असलेलं खरं मत म्हणजे ज्ञान’ ही कल्पना प्लेटोने ‘थीटीटस’ या संवादात पुन्हा तपासली आणि तिथे ती टिकली नाही. पुढे विसाव्या शतकातही ज्ञानाची व्याख्या साधारण याच धाटणीची मानली जायची. १९६३ मध्ये एडमंड गेटियर यांनी तीन पानांच्या लेखात दाखवलं की मत खरं आहे, मानायला कारणही आहे, तरी ते केवळ योगायोगाने खरं ठरलेलं असू शकतं. त्यावरचा वाद अजून चालू आहे.

मग शेवटी सद्गुण म्हणजे काय, ते ठरलं का?

नाही. शेवटी सॉक्रेटिस म्हणतो की चांगले राजकारणी ज्ञानाने नाही, बरोबर मतांच्या बळावर राज्य चालवतात, आणि ती मतं त्यांना भविष्यवेत्त्यांसारखी, कवींसारखी दैवी देणगीने सुचतात. कशामुळे बरोबर येतंय हे त्यांनाही ठाऊक नसतं. बरेच वाचक याला निष्कर्ष समजतात. मला त्यात टोमणा जास्त दिसतो. मोठमोठ्या पुढाऱ्यांना ज्योतिष सांगणाऱ्यांच्या रांगेत बसवणं ही काही स्तुती नव्हे. शिवाय पुढच्याच वाक्यात सॉक्रेटिस बजावतो की सद्गुण कसा येतो याआधी तो मुळात काय आहे हे शोधल्याशिवाय यातलं काहीच पक्कं म्हणता येणार नाही. गाडी परत पहिल्या स्टेशनावर.

गुलामगिरीबद्दल कोणीच काही बोलत नाही?

नाही बोलत, आणि ते खटकायलाच हवं. सरदाराचं पोर आणि नाव नसलेला गुलाम एकाच प्रश्नापुढे सारखेच अडकतात, आणि त्यातला शिकतो तो गुलाम. बुद्धी जन्मावर ठरत नाही हे प्लेटोने इतक्या स्पष्टपणे दाखवलं, तरी त्यातून निघणारा पुढचा प्रश्न संवादात कोणी विचारत नाही. काम झाल्यावर मुलगा गप्प होतो आणि पुन्हा बोलत नाही.

मेनो आणि अ‍ॅनिटस यांचं पुढे काय झालं?

मेनो इ.स.पू. ४०१ मध्ये इराणी राजपुत्र सायरसच्या मोहिमेत भाडोत्री ग्रीक सैन्याचा सेनानी म्हणून गेला. सायरस लढाईत मारला गेला, ग्रीक सेनापती दगाफटक्याने पकडले गेले. त्याच मोहिमेत असलेला झेनोफोन लिहितो की बाकीच्यांची डोकी उडवली, मेनोला मात्र वर्षभर हाल करून मारलं. झेनोफोनने त्याचं चित्र लोभी आणि विश्वासघातकी असं रंगवलं आहे. अ‍ॅनिटसच्या मुलाबद्दलही झेनोफोननेच लिहून ठेवलं आहे: बापाने त्याला कातड्याच्या धंद्यात जुंपला आणि तो दारूच्या आहारी गेला.

सॉक्रेटिसच्या विचारांवर आपल्याकडे कधी बंदी आली होती, हे खरं का?

त्याच्या बचावाच्या भाषणावर आली होती. दक्षिण आफ्रिकेत असताना १९०८ मध्ये गांधीजींनी ‘अपॉलॉजी’चा गुजराती गोषवारा ‘इंडियन ओपिनियन’मध्ये छापला. त्यात त्यांनी सॉक्रेटिसला ‘सत्यवीर’ म्हटलं होतं. पुढे त्याची पुस्तिका निघाली. १९१० मध्ये मुंबई सरकारने ‘हिंद स्वराज’बरोबर ती पुस्तिकाही जप्त केली. अ‍ॅनिटसला हे नक्की समजलं असतं.

वाचायला कशी सुरुवात करू? ‘८० ड’ असले आकडे काय असतात?

हेन्री एस्तिएन या मुद्रकाने १५७८ मध्ये प्लेटोचं समग्र साहित्य छापलं. त्या आवृत्तीची पानं आणि पानावरचे पाच भाग आजही सगळ्या अभ्यासू आवृत्त्यांच्या समासात देतात. ‘८० ड’ म्हणजे ८० व्या पानाचा चौथा भाग. त्यामुळे अनुवाद कुठल्याही भाषेतला असो, जागा लगेच सापडते. ‘मेनो’ ७० ते १०० या पानांत आहे. पेच ८० वर, मुलगा ८२ ते ८५, अ‍ॅनिटस ९० ते ९५, लारिसा ९७.

कागद-पेन्सिल जवळ ठेवा. मुलाचा प्रसंग आला की पुढे वाचू नका, आधी तो चौरस स्वतः दुप्पट करून बघा. दुसऱ्या वाचनात फक्त मेनोची वाक्यं वाचा, सॉक्रेटिसची गाळून. त्याचा आवाज कुठे उतरतो आणि कुठे पुन्हा चढतो ते कळेल. त्यानंतर ‘प्रोटागोरस’ घ्या. तिथे हाच वाद आहे आणि शेवटी सॉक्रेटिस आणि प्रोटागोरस या दोघांनी आपापली बाजू नकळत बदललेली असते.